चूक म्हणायचं नाही

कोल्हापुरात मी गणित शिकवत होते तेव्हा आमच्या वर्गात आज काय चाललंय हे फाटकाबाहेर चिंचा-बोरं विकणाऱ्या मावशींनाही कळायचं. "बाई, आज लई जनांचं चुकलं वाटतं," असं त्या मधल्या सुट्टीत मला म्हणायच्या. माझा आवाज मुळातच दणदणीत, आणि 'चूक' हा शब्द तर मी खडू आपटावा तसा आपटायची. पोरं चुकायची, मी ओरडायची, पोरं खोडून पुन्हा करायची आणि निकाल लागला की पेढे घेऊन घरी यायची. यात कुणाच्या मनाला काही लागतंय असं ना पोरांना वाटायचं, ना त्यांच्या आईबापांना. उलट एखाद्या आईनं येऊन "बाई, आमच्याकडं जरा कमी लक्ष देतायसा, परवापास्नं वरडला न्हाईसा" अशी तक्रार केल्याचंही मला आठवतं.

मी क्वालालंपूरला गेले ती पोरीसाठी. तिथल्या एका इंटरनॅशनल शाळेला गणिताची शिक्षिका हवी होती, मुलाखत घरच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवून झाली, आणि शिक्षकाच्या मुलाला त्या शाळेत फुकट प्रवेश होता. तसली शाळा कोल्हापुरात माझ्या पगारात नुसती बाहेरून बघता आली असती. पोरगी एकुलती एक, सहावीत जाणार होती. नवरा साखर कारखान्यात केमिस्ट, त्याला हंगाम सोडून कुठं हलता येत नाही. तो म्हणाला, "पोरीचं भलं होत असंल तर जावा की दोघी. मी आन् आई बघतो हितलं." सासूबाईंनी कांदा-लसूण मसाल्याचा डबा असा पक्का बांधून दिला, की तो उघडायला तिथल्या कस्टमच्या माणसाला सुरी मागवावी लागली. त्यानं वास घेतला, दोनदा शिंकला आणि आम्हाला जाऊ दिलं.

शहर कसं होतं हे सांगायचं तर आमच्या स्टाफरूममधल्या फ्रिजपासून सांगायला पाहिजे. एक कप्पा हलालचा, एक शाकाहारी, एक उरलेल्या सगळ्यांचा, आणि प्रत्येक कप्प्यावर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र काढून नम्र विनंती चिकटवलेली. मलय, चिनी, तमिळ, फिलिपिनो, एक आयरिश, एक नायजेरियन आणि आता एक कोल्हापूरकर. सगळ्यांचे सण सगळे मिळून करायचे. दिवाळीला मला सगळ्यांनी इतक्या वेळा शुभेच्छा दिल्या, की दुपारपर्यंत आभार मानून मानून माझा घसा बसला. भांडण कुठं म्हणून नाही. मी महिनाभर वाट बघितली, पण कुणी कुणावर साधं खेकसलंही नाही. मला ते जरा आजारी वातावरण वाटलं.

मग माझा तास बघायला विभागप्रमुख आल्या. पेनांगच्या, चिनी वंशाच्या, अतिशय सुंदर हसणाऱ्या बाई. त्या मागच्या बाकावर बसल्या आणि मी अपूर्णांकांची बेरीज काढली. एका मुलानं अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं उत्तर दिलं. हे उत्तर कोल्हापुरात मी हजार वेळा ऐकलेलं होतं. मी फळ्यावर हात मारून म्हटलं, "चूक! साफ चूक! अर्ध्या भाकरीत अजून थोडी भाकरी घातली तर ती अर्ध्यापेक्षा कमी होते काय रे?" हे सगळं इंग्रजीत, पण आवाज मायबोलीचाच.

तास संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या वर्गात किती ऊर्जा आहे! मी असा तास याआधी कधीच पाहिलेला नाही. शेवटच्या बाकापर्यंत तुमचा शब्दन् शब्द पोचतो. पुढच्या वेळी मुलांच्या उत्तरांकडं एक सुरुवात म्हणून बघता येईल का, याचा विचार करायला तुम्हाला आवडेल का?" मी म्हटलं, आवडेल की. विचार करायला काय लागतंय?

संध्याकाळी घरी फोन करून मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. "सूनबाईवर साहेबीण लई खूश झाली म्हनं. असा तास बघितलाच न्हवता म्हनली."

पेढे वाटून झाल्यावर खरा प्रकार कळला. माझ्याच विभागात एक तमिळ बाई होती. तिचे आजोबा रबराच्या मळ्यात कामाला म्हणून आले आणि तिथलेच झाले. शाळेबाहेर ती अगदी मोकळी. टपरीवजा हॉटेलात चहा पिताना मी तिला माझं कौतुक ऐकवलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "अगं, ती तुला रागावली."

"कधी?"

"सगळा वेळ."

मग तिनं एकेक वाक्य मला सोलून दाखवलं. ऊर्जा म्हणजे आरडाओरडा. असा तास पाहिला नाही म्हणजे पुन्हा पाहायची इच्छा नाही. विचार करायला आवडेल का म्हणजे सोमवारपासून सुधार, नाहीतर नेमणूक पक्की होणार नाही. माझ्या तोंडचा चहा तोंडात राहिला. माझी नोकरी गेली तर पोरीची शाळा गेली, इतकं गणित मला येत होतं.

सोमवारपासून मी सुधारले. नियम तसा सोपा होता. चूक म्हणायचं नाही. मुलगा काहीही बोलला तरी आधी त्यात काय चांगलं आहे ते शोधायचं, ते सांगायचं, आणि मग इतक्या अलगद पुढं सरकायचं, की आपण चुकलो होतो हे त्याला कळूसुद्धा नये. सुरुवातीला मला फार जड गेलं. 'चूक' हा शब्द घशापर्यंत यायचा आणि मी तो खाकरून गिळायची. वर्गात मला कायम खोकला आहे असा मुलांचा समज झाला. एकानं घरून मध आणला. पण माणूस कशालाही सरावतो. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोनशे अंश येते असं एका मुलीनं सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "किती धाडसी विचार आहे! याच्या जवळपास अजून कुठली संख्या राहते, शोधूया का?" मागं विभागप्रमुख उभ्या होत्या. त्यांनी छातीवर हात ठेवला.

माझी नेमणूक पक्की झाली. पुढच्या वर्षी तर नव्या शिक्षकांना आमच्या शाळेत कसं बोलतात हे शिकवायला मलाच उभं केलं. मी बोलत होते आणि तो आयरिश तरुण वहीत लिहून घेत होता. आमच्या फाटकाबाहेरच्या मावशींनी ते दृश्य बघितलं असतं तर टोपली तिथंच टाकून पळाल्या असत्या.

पण सवय दाराबाहेर चपलेसारखी काढून घरात शिरता येत नाही. कोल्हापुरात रोज संध्याकाळी आमच्या घरात गणितावरून रणधुमाळी असायची. मी ओरडायची, पोरगी वहीवर टिपं गाळायची, तिच्या आजीनं मध्ये पडून माझाच उद्धार करायचा, आणि शेवटी उदाहरण सुटलं की सगळे जेवायला बसायचे. क्वालालंपूरला आम्ही चौदाव्या मजल्यावर राहायचो. आधी शेजाऱ्यांच्या धाकानं मी आवाज उतरवला, मग शाळेच्या सवयीनं शब्दही बदलले. ती वही घेऊन आली की मी म्हणायची, "वा, छान विचार केलास." ती डोळे मोठे करून बघायची. मग हसायला लागली. मग जाता-येता गळ्यात पडायला लागली. शाळेतून आली की दप्तर टाकून मला दिवसभरातलं सगळं सांगायची, अगदी नको तेही. ते दिवस खरंच चांगले होते, खोटं कशाला बोलू. मी एवढी वर्षं या लेकरावर उगाच आगपाखड केली असं वाटून मला रडूही आलं होतं.

तिच्या वहीतल्या चुका मला दिसत नव्हत्या असं नाही. गणिताच्या बाईला वहीतली चूक भातातल्या खड्यासारखी लागते. पण मी मनात म्हणायची, जाऊ दे, घरात कशाला हिरमोड, वर्गात तिच्या बाई सांगतील. शाळेचा नियम असा, की आपल्या मुलाला आपण शिकवायचं नाही. तिला शिकवायला होती माझी ती तमिळ मैत्रीण. आणि ती मनात म्हणत असणार, हिची आई गणिताची, घरी सांगेलच. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं माझ्या पोरीचं चाललं होतं, आणि दोन्ही घरांतून तिला 'पोटभर जेवलीस ना' असं प्रेमानं विचारलं जात होतं.

पालकसभेला मी पहिल्यांदाच टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसले. पलीकडं मैत्रीण. तिनं हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "तुझी मुलगी म्हणजे आमच्या वर्गाचा आनंद आहे. प्रश्नाला कधी घाबरत नाही. बीजगणिताशी तिची हळूहळू मैत्री होते आहे आणि ती तिच्या वेगानं होईल याची मला खात्री आहे."

ही वाक्यं कशी बांधायची हे मीच नव्या शिक्षकांना शिकवत होते. तरी मला इतका आनंद झाला, की मी जिन्यातूनच घरी फोन लावला. तिकडं हंगाम जोरात होता. नवऱ्यामागं कारखान्याची घरघर ऐकू येत होती.

"बीजगणिताशी मैत्री होतेय म्हणाल्या," मी सांगितलं.

"मैत्री होतीया? म्हंजे अजून वळख न्हाय व्हय?"

"अहो, तसं नाही. तिच्या वेगानं होणार आहे."

"ते ऱ्हाऊ दे. पोरीला गणित येतंय का न्हाय, तेवढं सांग की. शंभरात किती पडले?"

"इथं आकडे देत नाहीत."

"आता काय म्हनावं! आमी साखरंत बी उतारा किती टक्के ते रोज लिवतो. गोड हाय म्हनून पोती शिवत न्हाय."

मी त्याला म्हणाले, तुम्हाला शिक्षणातलं काही कळत नाही, आणि फोन ठेवला. त्याच संध्याकाळी मैत्रिणीबरोबर त्याच हॉटेलात चहा प्यायला गेले. तिथं ती शाळेचं बोलणं बोलत नसे, सरळ बोलायची. मला फक्त एवढंच विचारायचं होतं: आज तू जे म्हणालीस ते सोलून दाखव. ती कप हातात फिरवत होती, मी विचारीन अशी वाट बघत असावी. मी मात्र तिला कांदा-लसूण मसाला कसा करतात ते सांगितलं. अगदी मिरच्या कुठल्या घ्यायच्या इथपासून.

तीन वर्षं झाल्यावर शाळेतली मुलं कमी झाली आणि गणिताच्या तुकड्या एकत्र करायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, की माझ्या आयुष्यातल्या नव्या पर्वाविषयी सगळी शाळा अत्यंत उत्सुक आहे. आता मला कुणी सोलून दाखवायची गरज नव्हती. केक मोठा होता. त्यावर सगळ्या भाषांत 'धन्यवाद' लिहिलेलं होतं, मराठी सोडून.

कोल्हापुरात आल्यावर पोरीला नववीत घातलं. शाळा सुरू झाल्यावर काही दिवसांनी ती म्हणाली, वर्गातली सगळी मुलं मागच्या गल्लीतल्या सरांकडं गणिताला जातात, मीपण जाते. मला हसू आलं. मी घरात असताना गणिताला बाहेर? पण मैत्रिणी मिळतील म्हणून घेऊन गेले. सर खेड्यातल्या शाळेतून निवृत्त झालेले, घराच्या पुढच्या सोप्यात क्लास. नव्या मुलाला आधी आत बसवून चार उदाहरणं घालायची त्यांची पद्धत. आम्ही पालक बाहेर पायऱ्यांवर बसलो. थोड्या वेळानं सर कागद घेऊन बाहेर आले.

"ह्या पोरीची आई कोन?"

मी उठले.

"वैनी, राग मानू नगा. पोरगी गुणाची हाय, बोलती बी झ्याक. पर गनितात काय बी न्हाय बगा. अपूर्नांकाची बेरीज येत न्हाय. वजा चिन्ह दिसलं की बुजती. नववीचं ऱ्हाऊ द्या, पाचवीपास्नं धराय लागंल."

पायऱ्यांवरच्या पालकांनी ऐकलं, समोरच्या गिरणीवाल्यानं ऐकलं, रस्त्यातनं सायकल हातात धरून चाललेला एक पावणाही थांबला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बोलण्यासाठी मी तीन वर्षं तळमळत होते ते माझ्या पोरीच्या वाट्याला आलं तेव्हा मला सहन झालं नाही. मी शक्य तितक्या शांत आवाजात म्हणाले, "सर, मुलांशी असं बोलल्यानं त्यांचा आत्मविश्वास जातो."

"आत्मविश्वास लई हाय की तिला," सर म्हणाले. "चुकल्यालं बी कसं ठळक लिवलंय, ह्ये बगा."

मी कागद न बघता पोरीला हाताला धरून बाहेर काढलं. वाटेत माझं पुटपुटणं चालू होतं. कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, "आई, पाचवीपासून केलं तर येईल म्हणाले का ते मला?"

"तू त्यांच्याकडं लक्ष देऊ नकोस. तुझं गणित छान आहे."

तिनं हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी कंबर कसून बसले. इतकी वर्षं लोकांची पोरं पास केली, आता घरचीच करायची. पुस्तक उघडलं, उदाहरण घातलं. तिनं अ अधिक ब च्या वर्गाचा विस्तार अ-वर्ग अधिक ब-वर्ग एवढाच लिहून वही पुढं केली. दोन अब कुठं गेले, हे ओठांवर आलं होतं. तोंडून निघालं, "छान सुरुवात आहे. आता जरा..."

"बरोबर आहे का चूक?"

"म्हणजे, दिशा अगदी..."

"आई, बरोबर का चूक?"

मी घसा खाकरला. तिनं माझ्याकडं बघितलं, वही ओढून घेतली आणि दुसरं उदाहरण स्वतःच घेतलं. बराच वेळ खाली मान घालून करत होती. मी बाजूनं पाहत होते; एकेक पायरी बरोबर येत होती, वजा चिन्हही तिनं नीट सांभाळलं. शेवटची ओळ लिहून झाली तशी मी जवळजवळ ओरडलेच, "बरोबर! अगदी बरोबर आलं!"

तिनं मान वर केली, माझं ऐकून घेतलं, आणि पुस्तकाची मागची पानं उलटून उत्तर ताडून बघितलं.

"आलंय," ती म्हणाली. मला नाही, पुस्तकाला म्हणाल्यासारखं. मग पुस्तक मिटून तिनं सांगितलं, "मला त्या सरांकडंच जायचंय."

"का? मी आहे की घरात."

"तू चूक म्हणत नाहीस ना. मग बरोबर म्हणालीस तरी मला काही कळत नाही."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बोलायला काहीतरी मिळालं असतं. ती पाण्याचा ग्लास मागावा तशी बोलली आणि उठून पुस्तकं आवरायला लागली. मी तिथंच बसून राहिले. स्वयंपाकघरातून सासूबाई जेवायला हाक मारत होत्या, तरी मला उठवेना.

तिचं नाव घालायला मीच गेले. पायऱ्यांवर दोन बायका आपापल्या पोरांची वाट बघत बसल्या होत्या. सरांनी मला ओळखलं. "या वैनी. परवा लईच तावातावानं गेलासा." मग चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "पोरगी सांगत हुती, तुमी सोता गनिताच्या बाई हायसा म्हनं. मग घरातच का न्हाई घेत तिला?"

माझ्याकडं अशा वेळची वाक्यं तयार असतात. मुलांना घराबाहेरचं वातावरण लागतं. समवयस्कांत शिकण्याचा आनंद वेगळा असतो. सगळी एकापाठोपाठ एक जिभेपर्यंत आली.

"ती माझ्याकडं शिकणार नाही, सर," मी म्हणाले. "माझ्या शब्दावर तिचा विश्वास राहिलेला नाही."

त्या दोन बायका माझ्याकडं बघायला लागल्या. सरांनी चष्मा खाली घेऊन उगीचच हाताला लागलेला खडू पुसला. "उद्या पाचला पाठवा तिला," एवढंच म्हणाले आणि आत गेले.